ॲसिडिटीच्या गोळ्या: कधी घ्यायच्या, कशासोबत नाही, आणि बंद कशा करायच्या

औषधपेटी (धागाकर्ती)

पॅन-४०, पॅन-डी, ओमेझ, रॅझो ही नावं मुंबईत कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर "गॅसची चार द्या" म्हटलं की कात्रीने स्ट्रिप कापून हातात पडते. खरं तर पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल ही सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. या गटाला पीपीआय म्हणतात. औषध उत्तम आहे, पण निम्मे लोक ते अशा वेळेला घेतात की त्याचा निम्माही उपयोग होत नाही. म्हणून पहिला मुद्दा वेळेचा.

जठराच्या भिंतीत आम्ल बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेचसे निजलेले असतात आणि जेवायला बसलं की जागे होतात. पीपीआय फक्त जाग्या पंपाला कायमचं कुलूप लावतं, निजलेल्याला ते हात लावत नाही. रक्तात औषधाची ताकद टिकते जेमतेम एक ते दोन तास. म्हणजे औषध रक्तात भरात असताना पंप चालू असायला हवेत. गोळी जेवणाआधी ३० ते ४५ मिनिटं घ्यायची ती याच्यासाठी. पँटोप्रॅझोलच्या माहितीपत्रकात "जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय" असं लिहिलेलं आढळेल, तरी जेवणाआधीच घ्यावी हे माझं ठाम मत.

विरार, कसारा, कर्जत बाजूने येणाऱ्यांचं गणित नेमकं इथे चुकतं. पाचला उठून गोळी, पावणेसहाची लोकल, आणि नाश्ता साडेनऊला ऑफिसात. साडेचार तासांत गोळी येऊन निघून गेलेली असते, आणि मग पंप जागे होतात. मधला कटिंग आणि दोन बिस्किटं हे जेवण नव्हे. अशांनी गोळी बॅगेत ठेवावी आणि उतरायच्या आधी एखाद्या स्टेशनवर, म्हणजे नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. रात्रीच जास्त त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून ती रात्रीच्या जेवणाआधी हलवता येते. झोपताना, भरल्या पोटी घेतलेली गोळी सगळ्यात वाया.

आणखी एक. ही "जळजळ झाली की एक टाक" अशी गोळी नाही. पूर्ण परिणाम यायला रोज घेऊन तीन ते पाच दिवस लागतात. तासाभरात आराम हवा असेल तर त्याला अँटासिड जेल.

---

कोकणकडा

फार उपयोगी धागा. दोन प्रश्न. (१) रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं? (२) संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार? उपास सुटतो रात्री, आणि गोळी सकाळी अनशापोटी घ्यायला सांगितलेली असते.

---

औषधपेटी

दोन्हींचं उत्तर एकच: घड्याळ बघू नका, ताट बघा. दिवसातलं जे पहिलं भरपेट खाणं असेल त्याच्या आधी गोळी. रात्रपाळीवाला संध्याकाळी सहाला उठून सातला जेवत असेल तर सव्वासहाला. संकष्टीला चंद्रोदयानंतर पान वाढलं जाणार असेल तर त्याच्या पाऊण तास आधी. दुपारी साबुदाण्याची खिचडी खात असाल तर तीच जेवण समजा, तिच्या आधी घ्या.

गोळी राहून गेली तर पुढच्या जेवणाआधी घ्यायची. दोन एकदम नाहीत.

---

वॉर्ड नंबर सात

नर्सिंगच्या बाजूने भर घालते. या गोळ्यांवर एक आवरण असतं, ते जठरातल्या आम्लात विरघळू नये आणि आतड्यात गेल्यावरच सुटावं म्हणून. गोळी कुटली, चावली, अर्धी मोडली की औषध जठरातच नासतं. वयस्कर माणसाला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून देणारी घरं पुष्कळ आहेत. ते देणं न देण्यासारखंच.

गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांकडून ओमेप्रॅझोलची कॅप्सूल लिहून घ्यावी. ती उघडली की आत साबुदाण्याहून बारीक दाणे दिसतात, आवरण त्या प्रत्येक दाण्यावर असतं. सफरचंदाचा शिजवलेला गर चमचाभर घ्यायचा, त्यावर दाणे पसरायचे, न चावता गिळायला लावायचं, वर पाणी. कालवून अर्ध्या तासाच्या आत संपवायचं. दुधात घालायचं नाही, दुधाने आवरण आधीच सुटू शकतं. नाकातून नळी असेल तर घरच्या घरी प्रयोग करू नका, दाणे अडकून नळी तुंबते.

पावसाळ्यातली गोष्ट: गोळ्या स्ट्रिपमधून काढून महिन्याभराच्या डबीत भरू नका. मुंबईची जुलैची दमट हवा आवरणाला चालत नाही. आठवड्यापुरत्याच काढा. आणि चार गोळ्या कापून घेताना एक्सपायरी कुठल्या तुकड्यावर छापली आहे ते बघा, बहुतेक वेळा ती दुकानातच राहते.

---

जठराग्नी

आता मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे. पॅन-४० आणि पॅन-डी हे एकच औषध नाही. "डी" म्हणजे डॉम्पेरिडोन, जठर पुढे ढकलणारं, उलटी थांबवणारं. या कॅप्सूलमध्ये ते सावकाश सुटणारं ३० मिग्रॅ असतं.

युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये डॉम्पेरिडोनवर मर्यादा घातली: मळमळ आणि उलटीसाठीच, प्रौढांना दिवसाला जास्तीत जास्त ३० मिग्रॅ, आणि साधारणपणे आठवड्यापेक्षा जास्त नाही. कारण हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय त्याने बिघडू शकते. साठीच्या पुढे आणि ३० मिग्रॅच्या वर धोका जास्त. एक पॅन-डी घेतली की ती मर्यादा गाठली. सकाळ-संध्याकाळ घेतली की ६०. आणि लोक वर्षानुवर्षं घेतात! ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांच्यासोबत तर धोका आणखी वाढतो. सर्दी-खोकल्याची आणि नायट्याची औषधं म्हणून ही घरोघरी असतात. छातीतून दूध येणं, पाळी लांबणं हाही डॉम्पेरिडोनचाच प्रताप, आणि त्याच्यासाठी विनाकारण तपासण्या होतात.

"एल" किंवा "एलएस" असं शेपूट असलेल्या कॅप्सूलमध्ये बहुधा लेव्होसल्पिराइड असतं, ७५ मिग्रॅ. ते मेंदूतल्या डोपामिनवर काम करतं. वयस्कर माणसाचे हात थरथरायला लागले, चाल आखडली, चेहरा निर्विकार झाला, तर पार्किन्सन्स म्हणण्याआधी त्याच्या गोळ्यांची पिशवी उलटी करा. यातली कॅप्सूल सापडली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. बंद केल्यावर बहुतेकांना हळूहळू फरक पडतो, सगळ्यांना पूर्ण पडतो असं नाही.

नुसत्या जळजळीला नुसतं पीपीआय पुरतं. चिठ्ठीवर "डी" किंवा "एल" दिसलं तर "हे का, आणि किती दिवस?" एवढं विचारायला लाजू नका.

---

सायलीची वेल

+१. आणि एक जोड. पाच दिवसांची अँटिबायोटिक किंवा तापाची पॅरासिटामॉल लिहिली की सोबत "गॅसची गोळी" येते, पुष्कळदा पेशंटच मागून घेतो. पॅरासिटामॉलने जठराला व्रण होत नाही. तरुण, निरोगी माणसाला अशा पाच दिवसांसाठी पीपीआयची गरज नसते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारखी गुडघेदुखीची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा आधी अल्सर झालेला असेल, तिथे मात्र ती हवीच.

डिस्चार्ज कार्डही तपासा. भरती असताना शिरेतून पँटोप्रॅझोल देतात, घरी पाठवताना तेच गोळीच्या रूपात "चालू ठेवा" असं लिहिलं जातं. कधीपर्यंत, ते लिहायचं राहून जातं. मग ती गोळी तीन वर्षं घरात मुक्काम करते.

---

कोकणकडा

थायरॉइडची गोळीही सकाळी अनशापोटीच असते. दोन्ही एकत्र चालतात का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय?

---

औषधपेटी

थायरॉक्सिन उठल्याउठल्या, साध्या पाण्यासोबत. अर्ध्या तासाने पीपीआय. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता. वेळा अशा बसवता येतात, पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही हे लक्षात घ्या. थायरॉक्सिनची गोळी विरघळायला जठरात आम्ल लागतं, आणि पीपीआयने ते दिवसभर कमी असतं. अंतर ठेवून ते परत येत नाही. म्हणून पीपीआय सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करायचं. बंद केल्यावरही पुन्हा करायचं, नाहीतर वाढवलेला डोस तसाच राहतो आणि छातीत धडधड सुरू होते. अँटासिड, कॅल्शियम, लोह यांचं वेगळं आहे: ते थायरॉक्सिनला धरून ठेवतात, तिथे चार तासांचं अंतर खरोखर कामाला येतं.

क्लोपिडोग्रेल, म्हणजे स्टेंट बसवलेल्यांची गोळी: ती शरीरात गेल्यावर एका एन्झाइमने कार्यक्षम होते, आणि ओमेप्रॅझोल व इसोमेप्रॅझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतात. स्टेंटवाल्याच्या हातात मेडिकलवाल्याने "तेच आहे" म्हणून पँटोप्रॅझोलऐवजी ओमेप्रॅझोल ठेवलं तर ते तेच नाही. परत करा.

लोह आणि कॅल्शियम कार्बोनेटलाही आम्ल लागतं. दीर्घकाळ पीपीआय चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. बुरशीची इट्राकोनॅझोल कॅप्सूल, एचआयव्हीची अटाझानाविर आणि रिल्पिव्हिरिन, कॅन्सरच्या काही गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट यांच्यासोबत डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ॲसिडिटीचं काहीही सुरू करू नका. रिल्पिव्हिरिनसोबत पीपीआय चालतच नाही.

---

ठोका

मध्येच येतोय, पण हे वर असायला हवं.

बेंबीच्या वर जळजळ, घाम, मळमळ, जबडा किंवा डाव्या हातात कळ, जिना चढताना वाढणं आणि थांबलं की कमी होणं. ही ॲसिडिटी समजून लोक सोड्याची बाटली फोडतात आणि दोन तास घालवतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका अगदी असाच दिसतो. मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर यांच्यात छातीत कळ न येताही येतो. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असा निष्कर्ष काढता येत नाही. नवीन, न ओळखीची जळजळ आणि सोबत घाम किंवा धाप असेल तर १०८ लावा, जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

---

जठराग्नी

ठोका, धन्यवाद. तशीच पोटाच्या बाजूची यादी: घास अडकणं, गिळताना दुखणं, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते), वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यातलं एकही असलं तर गोळी खाऊन दाबू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. पीपीआयने कॅन्सरच्या व्रणाचंही दुखणं काही काळ थांबतं, आणि तेवढे महिने हातातून जातात. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत ही तपासणी होते.

---

कोकणकडा

"किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, स्मृती जाते" असे मेसेज फिरतात. किती खरं?

---

जठराग्नी

थोडं खरं, बरंचसं फुगवलेलं. नीट सांगतो, कारण असे मेसेज वाचून ज्यांनी गोळी सोडायला नको तेच सोडतात.

२०१९ मध्ये कॉम्पास या मोठ्या चाचणीचे निकाल आले. १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना पँटोप्रॅझोल ४० मिग्रॅ, निम्म्यांना औषध नसलेली गोळी, साधारण तीन वर्षं. किडनीचा आजार, हाडं मोडणं, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया यांत ठळक फरक दिसला नाही. फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात: १.४ विरुद्ध १.० टक्के. आम्ल हा पोटाचा दारवान आहे, तो सुट्टीवर गेला की पाण्यातले जंतू आत शिरतात. पीपीआय चालू असताना पावसाळ्यात पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं टाळा असं सांगतो ते याच्यासाठी.

किडनीला क्वचित वेगळ्या प्रकारे इजा होते: ॲलर्जीसारखी सूज. २०१९ मध्येच आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी या गटाच्या माहितीपत्रकात किडनीच्या तीव्र इजेचा इशारा घालायला सांगितलं. लघवी कमी होणं, अंगावर पुरळ, ताप, सांधेदुखी असं गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत दिसलं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघा.

आपल्याकडे मला जास्त काळजी वाटते ती बी-१२ ची. अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सोडवायला आम्ल लागतं. शाकाहारी माणूस, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, वर दोन-तीन वर्षं पीपीआय: तिन्ही बाजूंनी कात्री. पायाला मुंग्या, तळव्यांची आग हे मधुमेहाचंच म्हणून सोडून दिलं जातं. वर्षातून एकदा बी-१२ तपासा. वर्षभरापेक्षा जास्त चालू असेल आणि लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन सोबत असेल तर मॅग्नेशियमही. पोटऱ्यांत वांब आणि ठोके चुकणं ही त्याची खूण.

---

सायलीची वेल

बंद कशी करायची ते कुणी तरी लिहा, प्रत्येक जण तिथेच अडतो.

---

औषधपेटी

आधी, कुणी कुणी स्वतःहून बंद करू नये ते: बॅरेट (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं), अन्ननलिकेला मोठ्या जखमा, आधी अल्सरमधून रक्तस्राव, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू, दुखण्याच्या गोळ्या कायम चालू. यांच्या बाबतीत गोळी ही ढाल आहे.

बाकी साध्या जळजळीसाठी चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. अडतात का, ते सांगते. आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल वाढवणारं संप्रेरक वाढवतं, आम्लाची मागणी वाढवणारी पेशींची फौज तयार होते. एके दिवशी गोळी थांबवली की ती सगळी फौज एकदम कामाला लागते आणि जळजळ पहिल्यापेक्षा जास्त होते. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या चाचणीत ज्यांना ॲसिडिटी नव्हतीच अशा निरोगी लोकांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल दिलं. बंद केल्यावर ४४ टक्क्यांना त्रास सुरू झाला. ज्यांना नकली गोळी होती त्यांच्यात १५. म्हणजे बंद केल्यावर जळजळलं याचा अर्थ आजार परतला असा नाही, गोळीचाच तो पडसाद असतो. काही आठवड्यांत ओसरतो.

महिनोन्‌महिने ४० मिग्रॅ घेणाऱ्यांसाठी साधारण उतरंड: दोन आठवडे २० मिग्रॅ (वेगळी गोळी आणायची, ४० ची मोडायची नाही), मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. मधल्या काळात जेवणानंतर तासाभराने आणि झोपताना दोन चमचे, म्हणजे १० मिली, अँटासिड जेल. किंवा जेवणानंतर लगेच अल्जिनेट, ते जठरातल्या अन्नावर सायीसारखं तरंगतं. रात्री त्रास असेल तर डॉक्टर फॅमोटिडीन देतात, पण शरीर त्याला एक-दोन आठवड्यांत सरावतं, आणि किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. जुन्या डबीतली रॅनिटिडीन काढू नका. एनडीएमए या अशुद्धीमुळे अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली, आणि २०२२ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली.

फसफसणारी पूड रोज नको. तिच्यात सोडियम भरपूर असतं, रक्तदाब आणि हृदयाच्या पेशंटला ते महागात पडतं. किडनीच्या पेशंटने मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची जेलंही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

---

वॉर्ड नंबर सात

आणि गोळी उतरवताना उशाची बाजू चढवा. दोन उशा घेऊन नाही; त्याने कंबरेत वाकतं, पोट दाबलं जातं आणि आंबट पाणी जास्त वर येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे. मुंबईत निम्मी माणसं खालीच गादी घालून झोपतात, त्यांनी उताराच्या आकाराचा फोम गादीखाली घालावा, कंबरेपासून डोक्यापर्यंत उतार मिळेल असा. डाव्या कुशीवर झोपा. जेवण आणि झोप यांत तीन तास. साडेदहाला घरी पोचणाऱ्याला हे अशक्य वाटतं ते कळतं. अशांनी सात वाजता डब्यातली पोळी-भाजी ऑफिसातच खाऊन घ्यावी आणि घरी हलकं, मूठभर भात-वरण.

---

सायलीची वेल

पावसाळा आहे म्हणून एक. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन देतात. ही कॅप्सूल घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटून तिथेच जखम करते. दुसऱ्या दिवशी गिळताना आग होते, आणि लोक तिला ॲसिडिटी समजतात. पूर्ण ग्लासभर पाणी, खाल्ल्यानंतर, आणि निदान अर्धा तास ताठ बसायचं. अँटासिड जेलसोबत घेऊ नका, दोन तास तरी अंतर ठेवा, नाहीतर डॉक्सी रक्तात पोचतच नाही.

---

कोकणकडा

शेवटचा प्रश्न: एच. पायलोरीची (जठरात अल्सर करणारा जंतू) फुंकण्याची चाचणी सांगितली असेल तर गोळी चालू ठेवायची का?

---

जठराग्नी

नाही. पीपीआय १४ दिवस आधी आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबलेलं हवं, नाहीतर जंतू असूनही चाचणी "नाही" म्हणते. विष्ठेच्या अँटिजेन चाचणीलाही हेच लागू. वर सांगितलेल्या ढालवाल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्या १४ दिवसांत जळजळ झाली तर अँटासिड जेल चालतं, चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत.